पाय टेकायच्या आधी

मनोहर धांडे यांच्या आयुष्यात एकूण एकच चेंडू पडला. तसे पंच म्हणून चौदा वर्षांत त्यांनी हजारो चेंडू पाहिले, शाळेत पीटीच्या तासाला शेकडो पोरांना चेंडू टाकायला शिकवलं. पण अकोटमध्ये कोणालाही विचारा, ‘धांडे सर’ म्हटलं की एकाच चेंडूची गोष्ट निघते. ती सांगायला त्या दिवशी मैदानावर हजर असावं लागत नाही. मैदानात तेव्हा फार तर बाराशे माणसं मावली असतील. ‘म्या माह्या डोळ्यांनी पाहिलं’ म्हणणारे आजवर पाच हजारांच्या वर निघाले आहेत.

साल २००९, एप्रिल महिना, नरनाळा चषकाची अंतिम लढत, अकोट विरुद्ध अंजनगाव. अकोल्याहून यायच्या पंचांना उन्हानं घेरी आली आणि आयत्या वेळी पंच कुठून आणायचा, असा प्रश्न पडला. धांडे सरांकडे पंचगिरीचं प्रमाणपत्र होतं, पांढरा शर्ट होता, आणि एक अडचणही होती. त्यांचा एकुलता एक मुलगा पराग, वय वर्षं वीस, अकोटचा वेगवान गोलंदाज होता. ती अडचण अंजनगावच्या कप्तानानंच बाजूला सारली. “सर चालतील,” तो म्हणाला, “सर खोटं बोलणार नाहीत.”

हे वाक्य धांडे सरांना फार आवडलं. इतकं आवडलं की दिवसभर ते त्यांनी गोळीसारखं जिभेवर घोळवत ठेवलं.

लोकांना मात्र तेवढी गोडी नव्हती. पराग सरांच्या बाजूनं गोलंदाजीला आला की मांडवातून आवाज यायचा, “घरचंच कोर्ट हाय बाप्पा, मजा हाय!” शेवटच्या षटकात चौथ्या चेंडूला परागचा पाय रेषेच्या अगदी काठावर पडला. सरांनी हात वर केला नाही. लगेच कोणीतरी ओरडलं, “बापाचा डोळा लागला काय रे!” आणि बाराशे माणसं एकदम हसली. सरांचे कान लाल झाले. ऊन बेचाळीस अंशांचं होतं, म्हणून ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटचा चेंडू. अंजनगावला जिंकायला तीन धावा. नागपूरहून निवड समितीचे एक सदस्य आले होते आणि त्यांच्या वहीत परागच्या नावापुढे दुपारपासून एक प्रश्नचिन्ह होतं. परागनं धाव घेतली, उडी मारली, चेंडू सुटला आणि मधली दांडी हवेत तीन कोलांट्या घेऊन यष्टिरक्षकाच्या पायाशी पडली. अकोटकर मैदानात घुसायला निघाले, तेव्हा त्यांना धांडे सर दिसले. उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा, ताठ; हाकही दिलेली. नो-बॉल.

त्या वर्षी समितीनं टीव्हीवर बघून एक नवा नियम आणला होता: फ्री हिट. गोलंदाजाचा पाय रेषेबाहेर पडला, तर एक धाव दंड होतोच, शिवाय त्याच्या पुढच्या चेंडूवर फलंदाजाला अभय. त्रिफळा उडो, झेल जावो, पायचीत होवो, यष्टिचीत होवो, तो बाद नाही. समोर तोच फलंदाज असेल तर क्षेत्ररक्षकांना जागाही बदलता येत नाहीत. आणि तो चेंडूही वाइड किंवा नो-बॉल पडला, तर अभय त्याच्या पुढच्या चेंडूवर जातं. पंच एक हात डोक्यावर उंच धरून गोल फिरवतो, ती त्याची खूण. या सगळ्या माफीत एक गोष्ट मात्र तशीच शिल्लक राहते. धावताना क्रीज गाठायच्या आत कोणी यष्ट्या पाडल्या, तर फलंदाज धावचीत होतो, फ्री हिट असो वा नसो. हे टीव्हीवर बघताना सगळ्यांना कळतं. बेचाळीस अंशांत, नुकतीच मिळालेली विकेट बापानं काढून घेतल्यावर, वीस वर्षांच्या पोराला ते आठवेलच असं नाही.

अंजनगावला आता दोन धावा हव्या होत्या. फलंदाजानं डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू सरळ आभाळात गेला. दोघे फलंदाज धावत सुटले. पराग मान वर करून खेळपट्टीच्या मध्यावर उभा राहिला. चेंडू खाली येईस्तोवर एक धाव पुरी झाली होती आणि दुसरीसाठी दोघे वळले होते. परागनं झेल घेतला. सुंदर झेल. यष्ट्या दहा पावलांवर, फलंदाज अजून अर्ध्या वाटेत. नुसता चेंडू फेकला असता तरी सामना बरोबरीत सुटला असता. परागनं चेंडू हवेत उडवला आणि दोन्ही हात पसरून तो पंचाकडे, म्हणजे आपल्या बापाकडे धावला. “बाबा, आउट! आउट ना बाबा!”

चेंडू चालू असताना पंचाला खेळाडूला काही सुचवता येत नाही. धांडे सरांनी फक्त मान हलवली. त्यांच्या मागून अंजनगावची दुसरी धाव पुरी झाली.

नागपूरच्या सदस्यांनी वही मिटली. त्या दिवसापासून गावात परागचं नाव ‘फ्री हिट’ पडलं. पानठेल्यावर गेला तरी कोणीतरी एक हात डोक्यावर गोल फिरवायचं. वर्षभरात त्यानं बूट माळ्यावर टाकले आणि अमरावतीला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरी धरली. सामन्याच्या दिवशी घरी आल्यावर त्यानं बापाला एकच विचारलं होतं, “बाबा, तुम्ही पाय पाहिला होता?” सर म्हणाले होते, “मी पंच होतो.” ते उत्तर होतं असं सरांना वाटलं. परागला तसं वाटलं नसावं, कारण त्यानंतर त्यानं बापाला काही विचारलंच नाही.

सरांचं मात्र त्या चेंडूनं सोनं केलं. पोटच्या पोराला नो-बॉल देणारा माणूस! पुढच्याच वर्षी ते मुख्याध्यापक झाले. भावाभावांत धुऱ्याचं, शेताच्या बांधाचं भांडण निघालं, की लोक म्हणायचे, “कोर्टात कायले जाता? सरांकडे जा.” सोयरीक मोडायची असो की जुळवायची असो, सरांचा शब्द शेवटचा. त्यांनी कधी चुकीचा निवाडाही दिला असेल, पण तो चुकला असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. नियम करणाऱ्यांनी फलंदाजाला एका चेंडूचं अभय दिलं. धांडे सरांना गावानं पंचवीस वर्षांचं देऊन टाकलं.

*

पुनर्मापन आलं ते २०३१च्या सुमारास. आधी मोठ्या शहरांत, मग जिल्ह्यांत.

कल्पना साधी होती. कोणतीही जुनी चित्रफीत ही दिसते त्यापेक्षा जास्त सांगत असते, फक्त तिला नीट विचारावं लागतं. क्रिकेटच्या मैदानावर तर विचारायची सोय आयतीच असते. यष्टी अठ्ठावीस इंच उंच, खेळपट्टी बावीस यार्ड. जगात कुठेही गेलात तरी ही मापं बदलत नाहीत. ती धरून यंत्र कॅमेरा कुठे होता, किती उंचीवर होता, हे काढतं. मग दुसऱ्या कोणाच्या मोबाइलमधलं, तिसऱ्याच्या फोटोतलं चित्र त्याच्याशी जुळवतं. सावल्यांची लांबी, उडालेली धूळ, बुटाची टाच, सगळं एकत्र करून तो क्षण जागच्या जागी पुन्हा उभा करतं. मग त्याच्याभोवती फिरा, वाकून बघा, पट्टी लावा.

क्रिकेटपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. पण लोकांकडे जुन्या चित्रफितींची कमी नव्हती आणि जुन्या शंकांचीही नव्हती. दर्यापुरात एका बाईनं आपल्या लग्नाची चित्रफीत मोजून घेतली आणि अंतरपाट दूर होताना नवऱ्याचे डोळे कुठल्या रांगेत होते, ते छापून भिंतीला लावलं. परतवाड्यात दोघा भावांनी वडिलांचा शेवटचा वाढदिवस मोजला. वडिलांची नजर कोणाकडे किती सेकंद होती, त्याचा कागद निघाला, आणि तेव्हापासून भाऊ एकमेकांच्या दारात जात नाहीत. थोरल्याकडे नऊ सेकंद जास्त निघाले होते.

आणि अशात २०३४ साली किशोरभाऊ राठी धांडे सरांच्या ओसरीवर आले. किशोरभाऊंची जिनिंग फॅक्टरी, नरनाळा चषक समितीचं अध्यक्षपद आणि आवाज, तिन्ही वाडवडिलांकडून आलेली होती.

“सर, चषकाचं पन्नासावं साल हाय,” ते म्हणाले. “अन् तुमच्या नो-बॉलचं पंचविसावं. दोन्ही एकाच मांडवात बसवून टाकू. सत्कार तुमचा. अन् पडद्यावर मोजमाप!”

“सत्कार करा,” सर म्हणाले. “मोजमाप कशाला? गावाला ठाऊक आहे.”

“गावाले ठाऊक हाय, नव्या पोट्ट्यांना नाही ना. आजकालची पोट्टी मोजल्याशिवाय मारुतीलेही हात जोडत नाहीत. केबलवाल्यानं तेव्हा आमच्या जिनिंगच्या गच्चीवरून शूटिंग केलं होतं, ते सापडलं. अंजनगावच्या एकाच्या मोबाइलमध्ये हाय. अन् फोटोवाल्याकडे सहा फोटो. दिलंही पुनर्मापन केंद्राकडे पाठवून.”

“विचारलं असतंत आधी.”

“तुम्हाले विचारायचं?” किशोरभाऊ मोठ्यानं हसले. “सर, घाबरायचं काम पराग्याचं. तुमचं नाही.”

आतून शालिनीबाई, सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. “मोजू द्या की,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पाहिलं होतं ना?”

“म्हणजे काय!” सर म्हणाले.

सरांना ते खोटं वाटलं नाही, हे सांगायला हवं. ती गोष्ट त्यांनी इतक्या सत्कारांत, इतक्या बारकाव्यांनी सांगितली होती की आता त्यांना डोळे मिटले की टाच दिसायची. रेषेपुढे पडलेली, चुना उडवणारी. फक्त कधीकधी, अंघोळीच्या वेळी वगैरे, टाचेच्या आधीचं काहीतरी आठवायचं. बाराशे माणसांचं हसू आठवायचं. आणि हसू थांबल्यावर, पराग धाव घ्यायला मागे चालत गेला, तेवढ्या वेळात मनात झालेला एक निश्चय आठवायचा. मग ते भराभर अंगावर पाणी ओतायचे.

दोन दिवसांनी परागचा फोन आला. नेहमी तो आईच्या फोनवर यायचा आणि पराग ‘बाबा बरे आहेत ना’ असं, पाऊसपाणी विचारावं तसं विचारायचा. या वेळी सरांचाच वाजला.

“किशोरकाकांनी कळवलं,” पराग म्हणाला. “मी येतोय.”

“अरे, एवढ्यासाठी दुकानाची सुट्टी कशाला—”

“बाबा, ऐका. पाय आत निघाला, तर मी एक शब्द बोलणार नाही. उठून अमरावतीला जाईन. बाहेर निघाला, तर तिथंच, सगळ्यांसमोर, तुमच्या पाया पडीन. पंचवीस वर्षं मी तुमच्याबद्दल एक ठरवून बसलोय. ते खरं का खोटं, एकदाचं कळू द्या.”

सरांनी फोन टेबलावर ठेवला. मुलगा आपणहून त्यांच्याशी सलग एवढी वाक्यं बोलल्याला किती वर्षं झाली होती, ते त्यांना आठवेना.

*

केंद्राचा एक नियम होता: निकाल जाहीर करण्याआधी ज्याच्याबद्दल आहे त्याला दाखवायचा. त्याप्रमाणे सत्काराच्या आदल्या दुपारी तन्वी गावंडे घरी आली. ती केंद्रातली तंत्रज्ञ होती, वय सव्वीस. तो चेंडू पडला तेव्हा ती रांगत असावी.

शालिनीबाई पोह्यांच्या तयारीला आत गेल्या. तन्वीनं पिशवीतून दोन कागद काढले आणि पहिला पुढे केला.

“अभिनंदन, सर. टाच रेषेच्या पुढे एकोणीस मिलिमीटर. चूक झाली तर सहा मिलिमीटर इकडे-तिकडे. म्हणजे कसंही धरलं तरी नो-बॉलच.”

सरांना आपण किती दिवस श्वास धरून होतो, ते श्वास सुटल्यावर कळलं. ते हसले. उठून उभे राहिले, पुन्हा बसले. “अगं, मी सांगतच होतो! शालिनी—”

“थांबा सर. दुसरा कागद आहे.”

तन्वीनं तो पुढे केला नाही, मांडीवरच ठेवला. “तुम्हाला माहीत असेल, प्रकाश लगेच पोचतो, आवाज मागाहून. केबलवाल्याचा कॅमेरा जिनिंगच्या गच्चीवर होता, खेळपट्टीपासून एकशे चार मीटर. त्या उन्हात आवाजाला तेवढं अंतर कापायला सेकंदाचे एकोणतीस शतांश लागतात. आम्ही ते ताडूनही पाहिलं. चित्रफितीत दांडी उडताना दिसते आणि तिचा ‘खट्’ बरोबर एकोणतीस शतांशांनी ऐकू येतो.”

“बरं मग?”

“तुमची ‘नो-बॉल’ची हाक चित्रफितीत पाय टेकल्यावर आठ शतांशांनी ऐकू येते. म्हणून बघणाऱ्याला वाटतं, पाय पडला आणि सर ओरडले.” ती थांबली. “आठातून एकोणतीस वजा करायचे, सर.”

सर गणिताचेही तास घेत असत. त्यांनी वजाबाकी केली.

“पाय जमिनीला टेकायच्या एकवीस शतांश आधी तुमचा आवाज सुरू झालाय,” तन्वी म्हणाली. “पंचानं पाय बघून हाक दिली, तर ती पाय टेकल्यावर तीनचार दशांशांनी येते. त्याच्या आधी येऊच शकत नाही. पराग काका तेव्हा हवेत होते. उडीत.”

आत कढईत मोहरी तडतडली.

“पण बाहेर होता ना पाय?” सर म्हणाले. “एकोणीस मिलिमीटर.”

“हो. होता.”

“मग मी बरोबरच होतो.”

“निकाल बरोबर होता,” तन्वी म्हणाली. ती वाईट पोरगी नव्हती, पण मापं घेणाऱ्या माणसांना शब्द इकडचा तिकडे झालेला चालत नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू विचारलं, “एखाद्याला... उडीत असताना कानावर आवाज पडला, तर पाय सरकू शकतो?”

“माणूस आवाजाला सेकंदाच्या एक-दीड दशांशात दचकतो. इथे दोनाच्या वर आहेत. तुमच्यापासून त्यांच्यापर्यंत आवाज पोचायला लागणारा वेळ अगदी थोडा. म्हणजे दचकायला वेळ होता. त्याच षटकातल्या आधीच्या पाचही चेंडूंना टाच रेषेच्या आतच आहे; चौथ्याला काठावर, पण आत.”

“म्हणजे माझ्या हाकेनंच—”

“ते यंत्र सांगत नाही. तिथे ‘निष्कर्ष नाही’ असं लिहिलंय.” तिनं कागद आता पुढे केला. “सर, पाय सगळ्यांचा असतो, तो मैदानावर होता. आवाज हा ज्याचा त्याचा. नियमानं हे दुसरं पान तुमच्या सहीशिवाय कोणालाही दाखवता येत नाही. सही केलीत तर उद्या दोन्ही पानं पडद्यावर येतील, किंवा नुसतं पराग काकांना देता येईल. नाही केलीत तर तीस दिवसांनी पुसलं जाईल.”

“परागला तू काही...?”

“मी काहीच सांगू शकत नाही.”

शालिनीबाई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. “काय निघालं गं बाई? बरोबर निघालं ना?”

तन्वीनं सरांकडे पाहिलं. सर बशीकडे बघत होते.

“हो काकू,” ती म्हणाली. “पाय बाहेरच होता.”

शालिनीबाईंनी बशी ठेवली आणि पदरानं डोळे टिपले. “माझ्या पोराचं एक ओझं उतरलं,” त्या म्हणाल्या. “आता तरी घरी येईल.” त्या वाक्यानं सरांचं काम फारच सोपं झालं. सही न करण्याला आता एक चांगलं कारणही मिळालं होतं, आणि चांगलं कारण मिळालं की सर फार विचार करत नसत.

*

सत्कार सकाळी दहाला होता, सुरू झाला साडेअकराला. किशोरभाऊंनी पडदा मोठा आणला होता. त्यावर वीस वर्षांचा पराग हवेत थांबला, खाली आला, टाच टेकली, टाचेखाली हिरवी रेघ उमटली आणि शेजारी अक्षरं आली: नो-बॉल. निर्णय योग्य. मांडव उठून उभा राहिला. टाळ्या इतका वेळ चालल्या की किशोरभाऊंना ध्वनिक्षेपकात तीनदा ‘बसा बाप्पा, बसा’ म्हणावं लागलं.

मग पंचेचाळीस वर्षांचा पराग पायऱ्या चढून व्यासपीठावर आला. केस मागे हटलेले, पोट थोडं पुढे आलेलं. मांडवातून कोणीतरी सवयीनं “फ्री हिट!” असं ओरडलं, शेजारच्यांनी त्याला दाबलं. परागनं ध्वनिक्षेपक मागितला नाही. तो बापापुढे वाकला आणि नुसता हात न लावता त्यानं कपाळ सरांच्या चपलांवर टेकवलं.

“चुकलं माझं, बाबा,” तो म्हणाला. ध्वनिक्षेपक जवळच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. “मी तुम्हाला खोटं समजलो. पंचवीस वर्षं.”

मांडवात बायका रडायला लागल्या. धांडे सरांनी खाली पाहिलं. मुलाच्या डोक्यावर मधोमध विरळ झालेली जागा दिसत होती. ती त्यांनी आधी कधी पाहिली नव्हती, कारण इतक्या वर्षांत त्याचं डोकं इतकं जवळ आलंच नव्हतं. बोलायचं तर आत्ता, हे त्यांना स्वच्छ कळलं. तोंडही उघडलं. समोर सगळं गाव उभं होतं आणि पहिल्या रांगेत तन्वी गावंडे हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

सरांनी हात मुलाच्या डोक्यावर ठेवला. “ऊठ,” ते म्हणाले. “झालं गेलं.” मग थोडं थांबून, कारण लोक आणखी काहीतरी ऐकायला थांबले होते, त्यांनी जोडलं, “बापानं मनात धरायचं नसतं.”

या वाक्यावर तर टाळ्यांचा कहर झाला. दुसऱ्या दिवशी ते पेपरात चौकटीत आलं.

*

मिळालं काय काय, ते मोजायचं तर सरांना सगळंच मिळालं. पराग त्या महिन्यात दर रविवारी आला. पहिल्या रविवारी सून आणि नातीला घेऊन. दुसऱ्या रविवारी त्यानं न्हाणीघराचा गळका नळ बदलला. तिसऱ्या रविवारी तो बापाला घेऊन मैदानावर गेला आणि कुठल्या बाजूनं वारा यायचा, ते नातीला दाखवत बसला. तो पुन्हा हसायला लागला होता. आणि त्याचं हसणं बापावर गेलंय, हे लोकांना आत्ताच कळलं. गावात त्याला चिडवणं बंद झालं होतं. बापाची क्षमा मागणाऱ्याला कोण चिडवणार? शालिनीबाईंच्या गुडघ्याचं दुखणंसुद्धा मागे पडलं.

चौथ्या रविवारी तो एकटाच आला. केंद्राची मुदत संपायला दोन दिवस होते; सरांनी दिनदर्शिकेत खूण केली नव्हती, तरी त्यांना तारीख पाठ होती. बापलेक जेवायला बसले. शालिनीबाई तव्यावरच्या गरम पोळ्या आणून वाढत होत्या.

“बाबा,” पराग म्हणाला, “एक गंमत सांगू? इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही.”

“सांग की.”

“मला इतकी वर्षं वाटायचं, मी तुमची हाक उडीत असतानाच ऐकली. म्हणजे पाय खाली यायच्या आधी. हवेत होतो आणि तुमचा आवाज आला, आणि मी दचकलो. त्या धक्क्यानं पाय पुढे गेला.” तो घास हातात धरून स्वतःशीच हसला. “इतकं स्पष्ट आठवायचं बाबा, की शपथेवर सांगितलं असतं. त्याच्यावरच तर मी तुमच्याशी अबोला धरला. मनात म्हणायचो, याला पाय पाहायचाच नव्हता, याला फक्त मोठं व्हायचं होतं. बापाबद्दल असं! आता पडद्यावर पाहिल्यावर कळलं. डोक्यानं रचलं होतं सगळं. हरलेला माणूस काहीही रचतो, नाही?”

शालिनीबाई पोळी हातात घेऊन दारातच थांबल्या.

धांडे सरांनी वरणात भात कालवला. नीट, एकसारखा, कुठे गोळा राहणार नाही असा. समोर त्यांचा मुलगा होता, पंचवीस वर्षांनी परत आलेला, आणि उत्तराची वाट बघत होता. वाटही कसली, मान डोलवण्यापुरती.

“मैदानात वारा असतो,” सर म्हणाले. “शिवाय तेवढी माणसं ओरडत होती. त्यात माणसाला काहीही ऐकू येतं.”

“तेच ना,” पराग म्हणाला.

“तू तरुण होतास. मनाला लावून घेतलंस.”

“वेड होतं माझं.”

“वेडच,” सर म्हणाले.

परागनं मोकळा श्वास सोडला. त्या दिवसातलं जे एकच खरं त्याच्यापाशी उरलं होतं, जे त्यानं चिडवणाऱ्यांपासून, मित्रांपासून, बायकोपासून जपलं होतं, ते त्यानं ताटाच्या कडेला मिरचीचं देठ ठेवावं तसं बाजूला ठेवून दिलं. मग दाराकडे वळून म्हणाला, “आई, उभी काय राहिलीस? आण ना पोळी. आज भूक लागलीय.”

शालिनीबाई पुढे आल्या. मुलाच्या ताटात पोळी वाढली, तिच्यावर तूप सोडलं. नवऱ्याच्या ताटाकडे न बघता त्या आत गेल्या.